आठ हातांच्या देवीची थट्टा

पडद्यावर देवीची अवाढव्य मूर्ती, तिच्यापुढे बळी द्यायला आडवी केलेली बाई, त्या बाईचं अंग लाल रंगाने माखलेलं, भोवती पागोटेवाले भगतगण. बळी द्यायची वेळ येते आणि ऐन वेळी मुख्य पुजारणीच्या लक्षात येतं की हिच्या बोटात अंगठीच नाही. अंगठी आहे लंडनमध्ये, रिंगो स्टार नावाच्या ड्रमरच्या बोटात, आणि ती काही केल्या निघत नाहीये. पावसाळ्यात बाहेर पडायचा कंटाळा येतो म्हणून आम्ही घरातच भिंतीवर चादर लावून जुने सिनेमे बघत होतो, त्यात बीटल्स या चौघांच्या (जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो) इंग्रज बँडचा ‘हेल्प!’ लागला. तपकिरी रंग फासलेले गोरे नट दिसताक्षणी माझी भाची उठली. ‘‘मावशी, हे बघून तुला हसू कसं येतं गं?’’ म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली. शेजारच्या काकू, ज्यांच्याकडे नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा तेवतो आणि घटाजवळ कुणी चप्पल घालून फिरकलं तर त्याची धडगत नसते, त्या मात्र पदर तोंडाला लावून खदखदत होत्या. ‘‘देवीला काय होतंय त्यानं? तोंडं काळी झालीत ती त्यांची!’’ मी दोघींच्या मधल्या खुर्चीवर. हसत मीही होतेच. पण भाचीचा प्रश्न काही खाली उतरेना.

हा सिनेमा मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हा असा काही प्रश्न पडला नव्हता. तेव्हा गाण्यांसाठी बघायचा, मधलं सगळं पुढे पळवायचं. या वेळी मधलंच जास्त बघितलं आणि त्यात एका ठिकाणी जीव अडकला. सॉल्झबरीच्या माळरानावर हे चौघे गाणं म्हणतायत आणि भोवती ब्रिटिश सैन्याचे खरेखुरे रणगाडे उभे आहेत. वारा एवढा की केस कपाळावर ठरत नाहीत, उन्हाचा पत्ता नाही, जॉर्जचं तोंड थंडीने आखडलेलं. कुणाला हे दृश्य विचित्र वाटेल. मला नाही वाटलं, कारण माझं बालपण नगरचं. (आता अहिल्यानगर झालं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल.) लष्कराच्या के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघराची तावदानं थरथरायची, फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि आजी तिकडे न बघताच म्हणायची, ‘‘सुरू झाले मेले.’’ रणगाडा ही आमच्याकडे शाळेच्या सहलीत बघायची गोष्ट होती. तो तापलेला पत्रा, त्याला येणारा ग्रीस आणि धुळीचा वास, वर चढायला मनाई असताना हळूच लावलेला हात, सगळं त्या गाण्याबरोबर परत आलं.

आणि नगर आठवलं की या सिनेमाच्या बाबतीत एक माणूस आठवावाच लागतो. स्पाइक मिलिगन. ब्रिटिश विनोदाची घडी ज्या रेडिओ कार्यक्रमाने विस्कटली, त्या ‘गून शो’चा कर्ताधर्ता. जन्म अहमदनगरचा, १६ एप्रिल १९१८. बाप तोफखान्यात नोकरीला आणि हौसेने रंगमंचावर नाचणारा-गाणारा. पोराचं लहानपण पुण्याच्या कॅम्पात गेलं, मग रंगूनला, मग लंडनला. पुढे ब्रिटिश पासपोर्टचा घोळ झाला तेव्हा याने सरळ आयरिश नागरिकत्व घेतलं. आमच्या गावात याच्या नावाची पाटी कुठे असल्याचं मला तरी आठवत नाही, आणि शाळेत कधी कुणी सांगितलंही नाही. चांदबीबी सांगितली, किल्ल्यातले नेहरू सांगितले. मिलिगन कोण सांगणार? पन्नाशीच्या दशकात त्याने आणि पीटर सेलर्स या नटाने रेडिओवर जो धुडगूस घातला, तो लिव्हरपुलात एक शाळकरी पोरगा रेडिओला कान लावून ऐकत होता. जॉन लेनन त्याचं नाव. त्या कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन पात्रं असत. हिंदुस्थानी बाबूंच्या इंग्रजीची नक्कल करत दोघे अखंड वटवट करायचे आणि काम कवडीचं करायचे नाहीत.

म्हणजे बोटीवर चढवलेला हा विनोद आपल्याच बंदरातून गेला होता.

बीटल्सना सिनेमात, म्हणजे ‘हेल्प!’च्या आधीच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या पहिल्या सिनेमात, आणण्यामागची गरज अगदी व्यापारी होती. युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन सिनेमा कंपनीला हवी होती सिनेमातल्या गाण्यांची रेकॉर्ड. सिनेमा हा त्या रेकॉर्डचा खोका. त्यातून हे वेड उन्हाळ्याच्या पलीकडे टिकणार नाही अशी सगळ्यांची खात्री, म्हणून पटकन करा, स्वस्तात करा, रंगीत नको, कृष्णधवल पुरे. दोन लाख पौंडांच्या आसपासचा खर्च. निर्माता वॉल्टर शेन्सन पोरांच्या मॅनेजरला, ब्रायन एपस्टाइनला, नफ्यातला पंचवीस टक्के वाटा द्यायची मनाची तयारी करून गेला होता. एपस्टाइनने म्हणे छाती पुढे काढून सांगितलं की साडेसात टक्क्यांच्या खाली एक पैसा घेणार नाही. ही गोष्ट आमच्याकडच्या कुठल्याही जमीनव्यवहारात खपून जाईल.

दिग्दर्शक म्हणून रिचर्ड लेस्टर आला तो मिलिगनच्याच दारातून. मूळचा फिलाडेल्फियाचा, लंडनला येऊन टीव्हीत रमलेला. १९५९ साली त्याने सेलर्स आणि मिलिगनला घेऊन एका माळावर अकरा मिनिटांची मूक गंमत चित्रित केली होती. दोन रविवारांत काम उरकलं, खर्च सत्तर पौंड. कुणी शेत पुसतंय, कुणी तंबू ठोकतंय, कशाचा कशाला पत्ता नाही. त्या उद्योगाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि त्या चौघांना तोच उद्योग आवडला होता म्हणून लेस्टर पसंत पडला. ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये ते चौघे थिएटरच्या मागच्या लोखंडी जिन्यावरून खाली पळत सुटतात आणि मोकळ्या मैदानात उड्या मारतात, ते बघताना मला कायम तो माळ दिसतो.

त्या पहिल्या सिनेमाचं चित्रीकरण २ मार्च १९६४ ला पॅडिंग्टन स्टेशनवर सुरू झालं. नटांच्या संघटनेचं सदस्यत्व पोरांना त्या सकाळी फलाटावर मिळालं, म्हणजे तोवर कागदोपत्री ते नटसुद्धा नव्हते. पटकथा लिहिणारा अॲलन ओवेन आधी त्यांच्याबरोबर फिरून आला, त्यांचं बोलणं ऐकलं आणि त्याच्या लक्षात आलं की यांना लांब वाक्यं दिली तर गाडं अडणार. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एकेक ओळ. एकाने टाकायची, दुसऱ्याने उचलायची, तिसऱ्याने वाया घालवायची. जगाला वाटलं, हे किती सहज बोलतात! ती सहजता अशी अडचणीतून काढलेली. सुरुवातीच्या पळापळीत, मेरिलबोन स्टेशनलगतच्या गल्लीत, जॉर्ज धाडकन आपटतो, त्याच्यावर रिंगो आपटतो, पुढे पळणारा जॉन वळून बघतो आणि खिदळत पळतच राहतो. दुसरा कुणी दिग्दर्शक ‘पुन्हा घेऊ’ म्हणाला असता. लेस्टरने ते तसंच ठेवलं. मी ते दोन सेकंद मागे नेऊन नेऊन बघते. जॉर्ज पडल्यावर हात झाडतो तेव्हा क्षणभर तो बीटल दिसत नाही, बसच्या मागे धावताना पडलेला कुणाचातरी धाकटा भाऊ दिसतो.

रिंगोचं नदीकाठचं एकट्याचं भटकणंही तसंच. तो दिवस उगवला तो रात्रभर क्लबात काढून. डोकं ठणकतंय, डोळे अर्धे मिटलेले, ओळी म्हणायची ताकद नाही. लेस्टरने ओळीच काढून टाकल्या आणि त्याला नुसतं चालायला लावलं. समीक्षकांनी त्या उदासीचं कोण कौतुक केलं! इकडे मैदानावरच्या धमालीचं काम चालू असताना एका दिवशी जॉन मध्येच गायब, कारण त्याचं पुस्तक आलेलं आणि लंडनमध्ये त्याच्या सन्मानार्थ साहित्यिक जेवण होतं. पुस्तकही कसलं, तर गून शो ऐकून वाढलेल्या पोराने लिहावं तसलं, शब्दांची तंगडी ओढणारं. पुढे कित्येक वर्षांनी एमटीव्हीवाल्यांनी लेस्टरला ‘तुम्ही आमचे जनक’ असं मानपत्र पाठवलं, तर त्याने आधी रक्ताची तपासणी करू म्हणून कळवलं.

दुसऱ्या वर्षी मात्र पैसा आला, रंग आला आणि खरं सांगायचं तर सिनेमा बिघडला. ‘हेल्प!’चं कामचलाऊ नावच होतं ‘एट आर्म्स टू होल्ड यू’, तुला कवेत घ्यायला आठ हात. देवीचे आठ आणि चौघांचे मिळून आठ. ‘टिकिट टु राइड’च्या अमेरिकन रेकॉर्डवर हेच नाव छापून गेलं, नंतर बदललं. चित्रीकरणाला सुरुवात झाली बहामात, २३ फेब्रुवारी १९६५ ला. कथेत बहामाचं काही अडलं नव्हतं. हिशेबनिसाची अडचण होती, कर वाचवायचा मामला होता. समुद्र आणि वाळू शेवटच्या प्रसंगांत येणार, पण चित्रीकरण आधी, त्यामुळे पोरांना उन्हात बसायची बंदी. नंतर ऑस्ट्रियाच्या बर्फात जायचं, तिथे तोंडं रापलेली दिसून कशी चालतील? जगातले लोक जिथे ऊन खायला पैसे मोजून जातात, तिथे हे चौघे सावली शोधत फिरतायत. ओबरटाउअर्नला बर्फावर उभं राहायलाही त्यांना धड येत नव्हतं, सफाईची घसरगुंडी त्यांच्या तोतयांनी केली. आणि या सगळ्यावर गांजाचा धूर. रिंगोनेच पुढे सांगितलंय की बर्फातल्या एका प्रसंगात तो आणि पॉल कॅमेऱ्यासमोरून पळत सुटले ते मैलच्या मैल पळत राहिले, कुणाच्या नजरेला न पडता एक झुरका मारता यावा म्हणून. दुपारनंतर फारसं काम व्हायचं नाही. ओळी लक्षात राहायच्या नाहीत, एकमेकांकडे बघितलं की हसू फुटायचं. जॉनची नंतरची तक्रार अशी की आपल्याच सिनेमात आपण पाहुणे कलाकार होऊन बसलो. तक्रार रास्त आहे. मुख्य पुजारी झालेला लिओ मॅकर्न पडद्यावर पोरांचं गाणं चालू असताना त्यावर रंगीत बाण फेकतो, रॉय किनिअर नुसतं तोंड पाडून उभा राहतो, आणि सिनेमा तेच दोघे खाऊन टाकतात. मी हसते ती बहुतेक त्यांनाच.

म्हणजे मॅकर्नला. तपकिरी रंगातल्या, पागोटं घातलेल्या मॅकर्नला.

इथे भाचीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. देवाच्या थट्टेची आपल्याला सवय नाही असं कुणी म्हणू नये. तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाची काय दशा करते ते जत्रेत बसून ज्याने ऐकलंय त्याला विचारा. पेंद्या लंगडतो, सोंगाड्या मधेच गावच्या पाटलाचं नाव घेतो, मावशी कंबरेवर हात ठेवून देवालाच दूध-दह्याचा हिशेब मागते, आणि पहिल्या रांगेतले माळकरी हसून लोटपोट होतात. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं ते तर पारायणात वाचतो आपण. पण मावशीला गवळणीनंतर परत त्याच देवापुढे उभं राहायचं असतं. लेस्टरच्या मंडळींना उभं राहायचं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती देवी म्हणजे गोदामातून आणलेला पुठ्ठा, ठग-बिगांच्या जुन्या साहेबी कादंबऱ्यांतून उचललेला. त्यात द्वेष होता असं मला नाही वाटत. पोलीस, शास्त्रज्ञ, सैन्य, बकिंगहॅम राजवाडा (तो राजवाडा म्हणजे क्लिव्हडन नावाच्या दुसऱ्याच वाड्याचं सोंग), कुणालाच त्यांनी सोडलेलं नाही. फक्त पोलीस आणि शास्त्रज्ञ आपापल्या मूळ रंगात आहेत. एवढ्याच फरकावर भाची उठून गेली, आणि तो फरक लहान आहे असं मी तिला सांगू शकले नाही. मिलिगनचीही गोष्ट निराळी नाही. पुण्याच्या उन्हाच्या आठवणीने हळवा होणारा हा माणूस १९६९ साली एका टीव्ही मालिकेत तोंडाला रंग लावून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार झाला. त्याच्या कानात आपल्या कॅम्पातले आवाज खरोखर होते. प्रेमाने केलेली नक्कल आणि वरून खाली बघत केलेली नक्कल, दोन्ही त्याच्या एकाच गळ्यातून निघत, आणि ऐकणाऱ्याने वेगळ्या करायच्या म्हटल्या तर होत नाहीत.

आता त्या सिनेमातला मला सगळ्यात लोभावणारा भाग. अंगठीचा उलगडा करायला चौघे लंडनमधल्या एका भारतीय हॉटेलात जातात. प्रसंग चित्रित झाला एप्रिल १९६५ मध्ये ट्विकनहॅमच्या स्टुडिओत. कोपऱ्यात भारतीय वादक बसवलेत, शोभेला. ते वाजवतायत काय, तर बीटल्सचंच आदल्या वर्षीचं गाणं, सतारीवर. प्रेक्षकाने हसायचं ते या विसंगतीला. दोन टेकच्या मध्ये दिवे बदलतात, कुणी चहा पितं, कुणी मेकअप पुसतं, तसल्या रिकाम्या वेळात जॉर्ज हॅरिसनने तिथली सतार उचलून बघितली. कशी धरायची ते कळेना. पण आवाज गमतीशीर वाटला. विनोदाचं सामान म्हणून आणलेलं वाद्य, त्यालाही आधी गमतीशीरच वाटलं. मग जो तो रविशंकर, रविशंकर म्हणायला लागला तेव्हा त्याने रेकॉर्ड आणली, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातून एक साधीशी सतार घेतली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती बीटल्सच्या एका गाण्यात वाजली. अजून नीट बसता येत नव्हतं त्याला. सप्टेंबर १९६६ मध्ये तो बसायला शिकायला मुंबईत आला. ताजमध्ये उतरला खोट्या नावाने, सॅम वेल्स. रविशंकरांच्या सांगण्यावरून मिशा वाढवल्या होत्या. लिफ्टवरच्या पोऱ्याने ओळखलं. मग हॉटेलखाली जी गर्दी झाली ती पांगवायला पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि गुरू-शिष्यांनी काश्मीर गाठलं. मिशा लावून वेषांतर करायचं आणि पहिल्याच फटक्यात ओळखलं जायचं, हा तर सरळ लेस्टरचा प्रसंग झाला. ‘हेल्प!’मध्ये हे चौघे असल्याच नकली दाढी-मिशा लावून विमानतळावर येतात.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, या वेळी एका सिनेमाचं पार्श्वसंगीत करायला. फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, कचेऱ्यांच्या वर. तिथे एकच ट्रॅक घेणारं यंत्र होतं म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. वादकांत संतुरावर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे. केंकरे हे नाव त्या परदेशी रेकॉर्डच्या पाठीवर वाचलं तेव्हा मला उगाचच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. स्टुडिओला आवाज रोखणाऱ्या भिंती वगैरे काही नव्हत्या. काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्स्या नीट कान दिला तर ऐकू येतात, असं हॅरिसननेच सांगितलंय. आणि आणखी एक सांगितलंय. रोज साडेपाच वाजले की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे, कारण खालच्या कचेऱ्या सुटत आणि कारकून मंडळी धडाधडा जिने उतरत. ज्याच्यासाठी लंडनमध्ये पोलिसांना हाताची साखळी करावी लागायची, तो माणूस सतारिया, तबलजी, बासरीवाले अशा सगळ्यांना घेऊन, यंत्र बंद करून, डबे हलवत निघालेली ती पावलं संपायची वाट बघत बसायचा. वर काय चाललंय रे, असं त्यांतल्या कुणी थांबून विचारलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. व्हीटीची गाडी चुकली असती.